आफ्रिकेतील बालके आणि एका लशीची हकीकत
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या आरोग्यसभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय छापून आला, तेव्हा पुष्कळांनी आम्हांस वाटेत थांबवून विचारले, की आपल्या उत्सवात आफ्रिकेतील मुलांच्या आरोग्याचे काय काम? प्रश्न रास्त आहे. मिशन रविवारी थैली फिरते, तेव्हा आफ्रिकेचे नाव आपल्या कानी पडते. आपण यथाशक्ती त्या थैलीत काही टाकतो आणि घरी जातो. त्यामुळे आफ्रिका म्हणजे आपल्यापुढे पसरलेला एक हात, अशी समजूत आपल्या मनात नकळत रुजून बसली आहे. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत, तीत देणारा हात आफ्रिकेतील लहान मुलांचा आहे. आणि त्या देण्याशी आपल्या पुणे शहराचा निकटचा संबंध आहे. आम्ही डॉक्टर नाही. जाणत्यांच्या लेखांतून जे आम्हांस समजले, ते साध्या भाषेत आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आमचा यत्न आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. आपल्या मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूभोवती एक नाजूक आवरण असते. त्या आवरणाचा दाह झाला म्हणजे त्यास मेनिंजायटिस म्हणतात. सन १९१८ मध्ये आपल्या मुलखात इन्फ्लुएंझाची जी भयंकर साथ आली, तीस आपले पूर्वज मानमोडी म्हणत. परंतु ज्या रोगात मान खरोखरच लाकडासारखी ताठते तो हा. मुलास एकाएकी ताप भरतो, डोके असह्य दुखते, वांत्या होतात, उजेड डोळ्यांस सोसवत नाही. सकाळी अंगणात खेळणारे मूल दुसऱ्या दिवशी हाती लागेल याची शाश्वती नसते. उपचार न झाल्यास रोग्यांपैकी निम्मे दगावतात. वेळेवर औषध मिळाले तरी शंभरांत आठ ते पंधरा जण जातात, आणि तेही बहुधा एकदोन दिवसांतच. जे वाचतात त्यांपैकी शंभरांत दहा ते वीस जणांस बहिरेपण येते, बुद्धीस इजा पोचते किंवा दुसरे एखादे अपंगत्व कायमचे जडते. शाळेत नाव घातलेले मूल बरे होऊन घरी यावे आणि हाक मारली तरी त्याने वळून पाहू नये, हे दुःख मातेने कोणास सांगावे?

हा रोग जगात सर्वत्र आढळतो. परंतु आफ्रिका खंडात सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आडवा पसरलेला एक पट्टा आहे, तेथे त्याचे थैमान काही निराळेच. फ्रेंच वैद्य लापेसोनी यांनी सन १९६३ मध्ये या पट्ट्याचे प्रथम वर्णन केले, आणि आज त्यात सव्वीस देश गणले जातात. डिसेंबरपासून जूनपर्यंत तेथे कोरडा ऋतू असतो. सहाराच्या वाळवंटावरून हर्मट्टन नावाचा धुळीचा वारा वाहतो आणि साथ पसरते. मग पहिला पाऊस पडतो आणि साथ जणू दिवा मालवावा तशी विझते. पाऊस येईतो किती घरांतील मुले गेली, हाच तेथील आयाबायांचा उन्हाळ्याचा हिशेब असे.

या रोगाच्या जंतूंच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी ‘अ’ गटाचे जंतू सन २०१० पूर्वी या पट्ट्यातील शंभरांपैकी ऐंशीहून अधिक रोग्यांच्या मुळाशी असत. श्रीमंत देशांत या ‘अ’ गटाचा उपद्रव जवळजवळ नाहीसा झाला होता. आणि सर्व गोष्टीचे मूळ येथेच आहे. जो रोग श्रीमंताच्या घरी येत नाही, त्याच्यावर उत्तम लस कोण कशासाठी शोधील?

लस अगदीच नव्हती असे नाही. जंतूच्या बाह्य कवचातील शर्करेपासून बनवलेली एक जुनी लस होती. तिच्यात तीन उणिवा होत्या. दोन वर्षांखालील बालकांस तिचा फारसा उपयोग होत नसे. मोठ्यांस तिचे संरक्षण दोनतीन वर्षेच टिके. आणि तिसरी उणीव सर्वांत वाईट: निरोगी माणसाच्या घशात हे जंतू निमूटपणे वास करतात आणि खोकल्याशिंकेतून दुसऱ्याकडे जातात, त्यांस ती लस हुसकावून लावीत नसे. म्हणून साथ सुरू झाल्यावर घाईघाईने टोचण्या द्यावयाच्या, आणि टोचणारे पोचेपर्यंत गावात नव्या कबरी खणल्या गेलेल्या असावयाच्या, असा क्रम वर्षानुवर्षे चालला होता. इंग्लंडात सन १९९९ पासून ‘क’ गटावरची नव्या धर्तीची लस मुलांस मिळू लागली. तीत जंतूची शर्करा एका प्रथिनाशी जोडलेली असते, त्यामुळे तान्ह्या मुलाचे शरीरदेखील तिला ओळखते आणि ती ओळख लक्षात ठेवते. तीच युक्ती ‘अ’ गटास लावणे शास्त्रदृष्ट्या अवघड नव्हते. गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा नव्हता, इतकेच.

सन १९९६ आणि १९९७ मध्ये या पट्ट्यात आजवरची सर्वांत मोठी साथ आली. अडीच लाखांवर माणसे आजारी पडली आणि सुमारे पंचवीस हजार दगावली.

येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. ती टाळून पुढे गेलो तर हकीकत अर्धी राहील. त्याच साथीत, १९९६ मध्ये, नायजेरियातील कानो शहरी संसर्गजन्य रोगांच्या इस्पितळात एका मोठ्या परदेशी औषधकंपनीची मंडळी उतरली. दोनशे आजारी मुले त्यांनी निवडली. शंभरांस आपले नवे औषध दिले आणि शंभरांस एक जुने, पारखलेले औषध दिले. अकरा मुले दगावली. पाच नव्या औषधाच्या गटातील आणि सहा जुन्याच्या. या आकड्यांवरून कोणी म्हणेल, की यात नव्या औषधाचा काय दोष? आणि कंपनीनेही दोष कधी पत्करला नाही. परंतु कानोच्या आईबापांचा प्रश्न निराळा होता. आमचे मूल मरणाच्या दारी असता तुम्ही त्याच्यावर प्रयोग करीत आहा, हे आम्हांस कोणी समजावून सांगितले होते काय? त्याच आवारात दुसरी एक परोपकारी मंडळी नेहमीचे औषध फुकट देत होती. तिकडे जाण्याची आम्हांस मोकळीक आहे, हे कोणी सांगितले होते काय? तोंडी संमती घेतली होती, असे कंपनीचे म्हणणे पडले. आईबापांनी ते नाकारले. वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला, आणि सन २००९ मध्ये कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरांची तडजोड केली.

या प्रकाराची किंमत दुसऱ्याच मुलांनी मोजली. सन २००३ मध्ये कानो राज्याने पोलिओची लस देणे थांबवले. परक्यांच्या औषधाविषयी मनात भरलेला संशय हे त्याचे एकमेव कारण नव्हते, तथापि त्या संशयाला कानोच्या इस्पितळातील आठवणीने बळ दिले, असे पुष्कळ जाणकारांचे मत आहे. तेथून पोलिओ पुन्हा अनेक देशांत पसरला. विश्वास एकदा मोडला म्हणजे तो ज्याने मोडला त्याच्यापुरताच मोडत नाही.

असो. साथीनंतर आफ्रिकेतील आरोग्याधिकाऱ्यांनी आपले म्हणणे स्पष्टपणे मांडले, की लस अशी हवी, जी आम्हांस विकत घेता येईल. परवडत नाही अशी लस दाखवून आमच्या लोकांस आशेला लावू नका. सन २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ नावाची संस्था यांनी मिळून या एकाच लशीसाठी योजना उभी केली, आणि गेट्स प्रतिष्ठानाने तीस सात कोटी डॉलर दिले. योजनेची रीत आमच्या मनास फार भावली. नेहमी लस आधी बनते आणि किंमत मागाहून ठरते. येथे किंमत आधी ठरली. एका टोचणीस अर्ध्या डॉलरहून कमी पडले पाहिजे, ही अट पहिली. मग या किमतीत लस बनवणारा कोण, याचा शोध सुरू झाला. पाश्चात्य देशांतील मोठ्या कारखानदारांशी बोलणी फिसकटली. शेवटी शर्करा हॉलंडातून आली, ती प्रथिनाशी जोडण्याची रीत अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी शिकवली, आणि लस बनवण्याचे काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पत्करले. सन १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी घोड्यांच्या पैदाशीच्या जागेत हडपसरला काढलेला हा कारखाना. आपल्यापैकी कित्येकांची मुले त्याच्याच लशींवर वाढली असतील.

आता लस कुपीत भरली, तरी ती मुलाच्या दंडात जाण्यास योग्य आहे की नाही, हे कसे कळावे? प्रथम कोणाला तरी ती टोचून घ्यावी लागते. आपल्या मुंबईस हा प्रश्न नवा नाही. सन १८९७ च्या जानेवारीच्या दहाव्या तारखेस हाफकिन यांनी प्लेगची नवी लस प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांस दिली. हाफकिन यांचे धैर्य निःसंशय मोठे होते. परंतु तुरुंगात कोंडलेल्या माणसाच्या ‘हो’ म्हणण्यास कितपत ‘हो’ म्हणावे, याविषयी आम्हांस शंकाच आहे. आता नियम पुष्कळ कडक झाले आहेत. पुण्याची ही लस सन २००५ मध्ये प्रथम भारतातील निरोगी प्रौढ स्वयंसेवकांस देण्यात आली. मोठ्या माणसास ती अपाय करीत नाही हे दिसल्यावरच आफ्रिकेतील बालकांकडे वळण्यात आले.

येथे कोणी म्हणेल, की मग सर्व परीक्षा इकडेच का केल्या नाहीत? आफ्रिकेतील मुलांस या खटाटोपात कशाला ओढावे? त्याचे उत्तर असे, की ज्या मुलास लहानपणापासून हिवताप येतो, ज्याचे पोषण यथातथाच असते, ज्याच्या घशात त्या प्रदेशाचे जंतू आधीच ये-जा करीत असतात, त्याचे शरीर लशीला कसे उत्तर देईल, हे पुण्यातील किंवा लंडनमधील मुलावरून सांगता येत नाही. ते त्याच मुलाकडून शिकावे लागते. म्हणूनच आम्ही आरंभी म्हणालो, की देणारा हात त्यांचा आहे.

सन २००६ मध्ये मालीची राजधानी बामाको येथे आणि गांबियातील बासे या नदीकाठच्या गावी बारा ते तेवीस महिन्यांच्या सहाशे एक बालकांवर पहिली परीक्षा झाली. पुढे माली, गांबिया आणि सेनेगल येथे दोन ते एकोणतीस वर्षांच्या नऊशे जणांवर दुसरी झाली. बामाकोतील संशोधन मालीचे स्वतःचे शास्त्रज्ञ सांबा सो यांच्या नेतृत्वाखाली चालले. सहाशे एक बालकांतील काहींस नवी लस मिळाली, काहींस जुनी, आणि तुलनेसाठी ठेवलेल्या तिसऱ्या गटास नुसते पाणी न टोचता दुसऱ्या एका बालरोगावरची उपयुक्त लस देण्यात आली. जे मूल परीक्षेस आले ते रिकाम्या हाताने परत जाऊ नये, ही दृष्टी आम्हांस महत्त्वाची वाटते.

अशा परीक्षेपूर्वी काय काय करावे लागते, हेही ऐकण्यासारखे आहे. गांबियात प्रथम गावच्या मुखियाला भेटतात, त्यास तेथे अल्कालो म्हणतात. मग गावकऱ्यांची सभा भरते. मग एकेका घरच्या आईबापांस त्यांच्या बोलीत सर्व समजावून द्यावयाचे. वाचता न येणाऱ्यांसाठी तिऱ्हाईत साक्षीदार बसवावयाचा आणि नंतरच अंगठा घ्यावयाचा. अंगठा दिल्यावरही कोणत्याही दिवशी ‘नको’ म्हणण्याची मोकळीक. समज आलेल्या कुमारवयीन मुलामुलींस त्यांचे स्वतःचे मतही विचारावे लागते. बाप ‘हो’ म्हणाला म्हणून चौदा वर्षांच्या मुलाचा दंड आपोआप पुढे येत नाही. आपल्या घरांत किती ठिकाणी चौदा वर्षांच्या मुलास असे विचारले जाते, हा विचार आमच्या मनात येऊन गेला.

एवढे करूनही शंका उरतातच. गांबियातील दुसऱ्या एका मोठ्या लसपरीक्षेत भाग घेणाऱ्या मातापित्यांविषयी सन २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसते, की संशोधक मंडळी मुलांचे रक्त काढून परदेशी नेतात, अशी कुजबुज गावांत चालत असे, आणि पुष्कळ आयांस ते भय खरेच वाटे. कोणी याला अडाणीपणा म्हणतील. आम्ही म्हणणार नाही. त्या आया दोन गोष्टी तराजूत घालीत होत्या: एका पारड्यात लेकराचे रक्त, दुसऱ्या पारड्यात मोफत औषध आणि डॉक्टरचे लक्ष. गरिबाच्या घरी हा हिशेब जितका काळजीपूर्वक होतो, तितका श्रीमंताच्या घरी क्वचितच होत असेल. आणि रक्त खरोखर घेतलेच जात होते. ते कशासाठी घेतले जाते हे नीट सांगणे संशोधकाचे काम, ते समजून न घेता विश्वास ठेवणे आईचे नव्हे.

परीक्षेचा निकाल स्पष्ट आला. टोचणीनंतर चार आठवड्यांनी रक्त तपासले, तेव्हा नवी लस घेतलेल्या बालकांपैकी शंभरांत शहाण्णवांच्या रक्तात रोगास मारणारी शक्ती चौपट किंवा त्याहून अधिक वाढली होती. जुन्या लशीने हे शंभरांत सुमारे चौसष्टांतच साधले होते. सन २०१० च्या डिसेंबरच्या सहाव्या तारखेस बुर्किना फासो देशात मोठी मोहीम सुरू झाली, आणि सुमारे दहा दिवसांत एक ते एकोणतीस वर्षांच्या एक कोटी दहा लाखांहून अधिक लोकांस पुण्याची लस टोचण्यात आली. एवढ्या वयापर्यंत का, असा प्रश्न येईल. पाच ते चौदा वर्षांच्या मुलांच्या घशांत हे जंतू सर्वांत अधिक आढळतात. थोरली भावंडे शाळेतून आणि बाजारातून जंतू घरी आणतात आणि पाळण्यातील मूल आजारी पडते. थोरल्यांस टोचल्यावाचून धाकटे वाचत नाही.

लस पसरणाऱ्या जंतूसही हुसकावते की काय, हे चाड देशात दिसून आले. तेथे सन २०११ च्या अखेरीस राजधानीभोवतालच्या तीन प्रांतांत अठरा लाख लोकांस लस दिली गेली. उरलेल्या देशात ती अद्याप पोचावयाची होती. पुढच्याच वर्षी साथ आली. लस न मिळालेल्या भागांत दर लाखास सुमारे चव्वेचाळीस माणसे आजारी पडली, लस मिळालेल्या भागात अडीच. लशीपूर्वी चार हजार दोनशे अठ्ठ्याहत्तर लोकांचे घसे तपासले होते, त्यांत बत्तीस जणांकडे ‘अ’ गटाचा जंतू सापडला होता. लशीनंतर पाच हजार एक जणांत तो एकाकडेच सापडला. आम्हांस हे आकडे वाचून जितका आनंद झाला, तितकेच त्या दर लाखांतल्या चव्वेचाळीसांविषयी वाईट वाटले. त्यांची पाळी पुढच्या खेपेस होती, एवढाच त्यांचा दोष.

बेनिन देशातील बानिकोआरा भागाची गोष्ट थोडक्यात सांगतो. लस बर्फात ठेवावी लागते आणि तिकडे वीज दुर्मिळ. ही लस उष्णतेत किती टिकते हे नीट तपासल्यावर, चार दिवसांपर्यंत आणि चाळीस अंशांपर्यंतच्या उष्म्यात ती शीतपेटीबाहेर राहू शकते अशी परवानगी मिळाली. सन २०१२ मध्ये तेथे त्या रीतीने दीड लाखाहून अधिक लोकांस टोचण्या झाल्या. ज्याने उन्हात दूरच्या वाडीपर्यंत बर्फाची पेटी वाहिली आहे, त्यालाच या परवानगीची किंमत कळेल.

त्या दशकात तीस कोटींहून अधिक लोकांस ही लस मिळाली, आणि ‘अ’ गटाचा खात्रीने ओळखलेला रोगी या पट्ट्यात सन २०१७ नंतर आढळलेला नाही.

रोग मात्र गेला नाही. ‘अ’ची जागा मोकळी झाली तशी ‘क’ आदी इतर गटांनी डोके वर काढले. सन २०१७ मध्ये नायजेरियात ‘क’ गटाच्या साथीने अकराशेहून अधिक बळी घेतले, आणि आजारी पडणाऱ्यांत पाच ते चौदा वर्षांची शाळकरी मुले सर्वांत जास्त होती. ‘अ’वरची लस त्यांच्या दंडात असूनही ‘क’पुढे तिचा उपयोग नव्हता. तेव्हा पुण्याच्याच कारखान्याने पाथ संस्थेबरोबर पाच गटांवर चालणारी नवी लस तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने तीस सन २०२३ च्या जुलैमध्ये मान्यता दिली, आणि सन २०२४ मध्ये जगात प्रथम नायजेरियाने ती आपल्या लोकांस देण्यास आरंभ केला. ज्या नायजेरियात कानो शहर आहे, त्याच देशाने.

ही नवी लस योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी पुन्हा माली आणि गांबिया येथेच जावे लागले. पुन्हा सभा भरल्या, साक्षीदार बसले, आईबापांना विचारले, मोठ्या मुलांना विचारले. दोन ते एकोणतीस वर्षांचे अठराशे जण आपला दंड पुढे करून आले.